नव्वद पाकिटं

सकाळी साडेसहाला घड्याळबुवाने टाकीच्या तोंडाची जाळी उचलली. ती हलकी लागली, तेव्हाच त्याला कळलं.

घड्याळबुवा हे काही घरच्यांनी ठेवलेलं नाव नव्हे. बावीस वर्षं तो या हॅचरीत मोठ्या माशांना खाऊ घालत होता. त्याची बादली पाच मिनिटंही पुढेमागे होत नसे, म्हणून पंपवाल्याने हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. आता साहेबही त्याच नावाने हाक मारत.

हॅचरीत पिल्लांच्या टाक्या चाळीसेक होत्या, पण मोठ्या माशांची टाकी एकच. तिच्यात चौतीस मासे, एकेक हाताएवढा लांब. सगळे त्यांना आईबाप म्हणत. त्यांनी अंडी सोडली तर पिल्लं, आणि पिल्लं असली तर हॅचरी. हे मासे रोज थोडी थोडी अंडी सोडतात. चांगलं अंडं पाण्यावर तरंगतं, वरच्या पाण्याबरोबर वाहत येतं आणि जाळीत अडकतं. वाईट अंडं बुडतं. एवढं कुणालाही कळतं, त्याला शिक्षण लागत नाही.

शिकलेल्या होत्या त्या डॉक्टरीणबाई. माशांच्या डॉक्टर. वयाने त्याच्या मुलीएवढ्या असत्या, मुलगी असती तर. जाळीतलं जे काही होतं ते त्यांनी काचेच्या उंच नळ्यात ओतलं आणि दहा मिनिटं हात न लावता ठेवलं. वर एक पातळ थर राहिला. बाकी सगळं पांढरं होऊन तळाला बसलं.

"किती?" त्याने विचारलं.

"शंभरात एकोणीस."

पूर्वी हा आकडा ऐंशीच्या खाली येत नसे. तीन महिने तो उतरतच चालला होता.

"इकडे बघा, काका." बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. "चांगल्या अंड्यात तेलाचा एकच थेंब असतो, गोल. पिल्लाची शिदोरी म्हणा. यात बघा, पाच-सहा थेंब फुटून विखुरलेत. यातून पिल्लू निघालं तरी टिकणार नाही. मासे आजारी नाहीत, पाणी ठीक आहे, दिवे ठीक आहेत. मला काही कळेनासं झालंय. खाण्यात काही बदललंय का?"

"नाही," तो म्हणाला.

साहेब मागे येऊन उभे होते. ते नळ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सहा आठवडे. सहा आठवड्यांत नाही सुधारलं, तर टाकी रिकामी करू. हे मासे बाजारात जातील आणि दुसरीकडून नवे आणू. मी तरी किती दिवस पिल्लांविना बसू?"

"सगळे?" त्याने विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे. निवडत कुठे बसता?"

त्या चौतिसांत एक म्हातारी मादी होती, शेपटी फाटलेली. अकरा वर्षांपूर्वी आली तेव्हापासून ती बादली पडली की सर्वांत आधी खाई आणि मग तोंड पाडून कोपऱ्यात जाई. त्याच्या बायकोने तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं. सासूबाईही बाजारात जाणार. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो बादली धुवायला गेला.

खाण्यात काही बदललं नाही, हे तो खोटं बोलला होता.

टाकीची शेड आणि खाद्याची खोली यांच्यामध्ये एक भिंत होती. भिंतीत हातभर रुंदीची खिडकी, सरकत्या पत्र्याची. एकोणीस वर्षं त्या खिडकीपलीकडे त्याची बायको कामाला होती. दहा पायांचा बुळबुळीत माकूळ चिरायचा, शिंपल्यांचा गर काढायचा, तारली मासळी वाटायची, तेल आणि पावडर घालून सगळं एकजीव करायचं, हे तिचं काम. सकाळी नऊ आणि दुपारी चार. पत्रा खर्रकन सरकायचा, तिचा हात बाहेर यायचा आणि हाक यायची, "अहो घड्याळ, बादली!" पत्र्याचा आवाज झाला की मासे आपसूक त्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. तिच्या खोलीत जायची सोय त्याला नव्हती. एक पाऊल टाकलं की ती ओरडे, "चपला बाहेर! आणि हात कुठेकुठे लावून आलात?"

मग तिच्या पोटात दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. तारखेआधी पंधरा दिवस तिने उभ्याने काम केलं आणि माशांची तीन महिन्यांची बेगमी करून ठेवली. एका दिवसाचं एक पाकीट, प्रत्येकावर जाड पेनने नंबर, मोठ्या फ्रीजरमध्ये थरावर थर. त्या दिवसांतली बोलणीही खिडकीतूनच झाली.

"नव्वद आहेत. रोज एक. तोवर मी येते, नाहीतर दुसरी कुणी बाई लागेल."

"दुसरी कशाला?"

"मग तुम्ही शिका."

"मला नाही जमायचं ते."

"माकूळ चिरायला काय लागतं? हात आहेत ना दोन?"

"तू ये लवकर, म्हणजे झालं," असं म्हणून त्याने बादली उचलली होती.

अडतिसाव्या पाकिटाच्या दिवशी ती गेली. त्या दिवशी बादली पहिल्यांदा उशिरा पडली आणि ती पंपवाल्याने टाकली. पुढचे चार दिवस पंपवाल्याने नुसतं कोरडं खाद्य टाकलं, मग घड्याळबुवा कामावर आला. एकोणचाळिसावं पाकीट त्याने बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग करवत आणून त्याने त्या गोठलेल्या विटेचे चार तुकडे केले. एक तुकडा बादलीत टाकला, वर पोत्यातलं कोरडं गोळीखाद्य घातलं. तीन तुकडे परत फ्रीजरमध्ये. तेव्हापासून एका पाकिटाचे चार दिवस. साहेब म्हणाले, दुसरी बाई बघतो. तो म्हणाला, गरज नाही, मी करतो. महिन्याला माकुळाची दोन खोकी येत, ती तो तशीच फ्रीजरमध्ये रचत गेला. भिंतीवरच्या तक्त्यावर रोज लिहायचं असे, ओलं खाद्य किती. तो लिही, पूर्ण. खिडकी त्याने उघडली नाही. बादली दारातून नेई.

पाकिटं संपू नयेत, एवढंच त्याला हवं होतं. पुढचा काही विचार त्यात नव्हता.

साहेबांनी मुदत दिली त्याच शनिवारी पंपवाला ओरडत आला. पंपांबरोबर वीज आणि फ्रीजरही त्याच्याकडेच होते. "घड्याळबुवा, फ्रीजरचं झाकण बसत नाहीये! आत काय हत्ती कोंबलाय?" डॉक्टरीणबाई वाटेतच होत्या, त्याही आल्या. झाकण उघडलं. वर माकुळाची न फोडलेली खोकी, तेरा-चौदा. बाई बघतच राहिल्या. खोकी बाजूला केल्यावर खाली पाकिटं दिसली. त्यांनी एक उचललं. पाऊण उरलेलं, नंबर त्र्याऐंशी.

"हे काकूंच्या हातचं?"

"हो."

"हे तर मागेच संपायला हवं होतं ना? त्यांनी नव्वद दिवसांची..." त्या थांबल्या. मग त्यांनी करवतीने कापलेल्या कडेवर नख घासलं आणि नाकाशी नेलं. कड पिवळी पडली होती. "खवट झालंय, काका. फ्रीजरमध्येही तेल खवट होतं. थांबत नाही, नुसतं सावकाश होतं. आणि तुम्ही यातलं रोज..."

"पाव."

"पाव पाकीट? चौतीस माशांना?"

पंपवाला झाकण धरून आत डोकावत पाकिटं मोजायला लागला.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात सांगायला लागल्या, "खाण्यातून मिळालं नाही, तर मादी अंगातलं काढून अंड्यात घालते. आधी तिचं तिला पुरतं, म्हणून पहिले काही महिने कळत नाही. मग तिच्याकडेही काही उरत नाही. आज जे खाईल ते तीन-चार आठवड्यांनी अंड्यात उतरतं. अजून वेळ आहे. सोमवारपासून ताजं सुरू करू. मी सामानाची यादी देते. ही पाकिटं मात्र कुठल्याच माशाला घालायची नाहीत."

"बरं."

"टाकून द्यायची, काका."

"हो. बरं म्हणालो ना."

त्याच दुपारी त्याने तक्त्याचे जुने कागद काढले आणि जिथे जिथे पूर्ण लिहिलं होतं तिथे तिथे ते खोडून पाव लिहिलं. पावणेदोनशेच्या आसपास ओळी होत्या. मग ते कागद घेऊन तो स्वतःच साहेबांच्या टेबलापाशी गेला.

साहेबांनी पानं उलटली. "दुसरा कुणी असता तर आज गेटबाहेर असता."

"हो साहेब."

"हो काय, हो?"

"गेटबाहेर असता."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जा. टाकीचं मात्र ठरलंय तेच. तारीख बदलणार नाही."

रविवारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. दर रविवारी ती डबा घेऊन येई आणि आल्या आल्या त्याचा फ्रीज उघडून झडती घेई.

"भाऊजी, मागच्या रविवारचा भात आहे हा! शोभेला ठेवलाय?"

"खाल्ला होता थोडा."

"थोडा म्हणजे किती? उंदीर खाईल तेवढा? आणि हे काय, पाव आणि अंडी, पाव आणि अंडी. एक दिवस कोंबडी येऊन हिशेब मागेल तुमच्याकडे."

तिने डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि तो खातो की नाही हे बघायला समोरच बसली. तो खात होता. चव येत नव्हती, पण तोंड चालत होतं. मध्येच त्याने पाकिटांचं सांगून टाकलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं, करवतीसकट. सांगताना त्याचा आवाज पंप किती वाजता बंद झाला हे सांगावं तसा होता.

मेहुणीने डब्याचं झाकण बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हणजे सहा महिने तुम्ही माशांना उपाशी मारलंत."

"उपाशी नाही. गोळीखाद्य होतं."

"तुमच्या पाव-अंड्यांसारखं."

त्याने पुढचा घास घेतला.

"ताईने ती पाकिटं तुम्हाला जपून ठेवायला नव्हती दिली, भाऊजी. माशांना घालायला दिली होती. दवाखान्यात शुद्धीवर असली की काय विचारायची, आठवतंय ना? सासूबाईने खाल्लं का. मला आधी वाटायचं माझ्या सासूबद्दल विचारतेय. मी म्हणायचे, हो गं, खाल्लं, दोन घास जास्तच खाल्ले." ती हसायला लागली आणि हसता हसताच तिने पदराने नाक पुसलं. त्याला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. त्याने डबा संपवला. मेहुणीने तो उलटा करून बघितला आणि धुवायला नेला.

सोमवारी सकाळी सात वाजता तो चपला बाहेर काढून खाद्याच्या खोलीत गेला. आधी पाकिटं. त्याने ती एकेक करून काढली आणि ओट्यावर मांडली. इतके दिवस तो वरून घेत आला होता, खालची त्याने कधी पाहिली नव्हती. आणि खरं सांगायचं तर एक गोष्ट त्याने बाईंना सांगितली नव्हती, मेहुणीलाही नाही. शेवटच्या पाकिटावर तिने काहीतरी लिहिलं असेल, असं त्याला वाटत आलं होतं. काय, ते ठाऊक नाही. पण काहीतरी.

चौऱ्याऐंशी, पंचाऐंशी, शहाऐंशी. अक्षर बारीक होत गेलं होतं आणि उजवीकडे कलंडलं होतं. सत्त्याऐंशी. पुन्हा सत्त्याऐंशी. त्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींवर तोच आकडा. एकोणीस वर्षांत तिने केलेल्या वजनात पाच ग्रॅमची चूक नव्हती. आता मोजदादीत चूक. नव्वद म्हणाली होती, भरली होती एक्क्याण्णव. त्या दिवशी तिला फारच दुखत असणार, आणि ती खिडकीतून तसं काही बोलली नव्हती. की बोलली होती आणि त्याने ऐकलं नव्हतं?

अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद.

नव्वदवर नव्वद लिहिलं होतं. त्याने ते उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. बाजूंना काही नव्हतं. बर्फ पुसून पाहिला. बोटं चिकटायला लागली तेव्हा त्याने ते खाली ठेवलं.

मग त्याने सगळी पाकिटं घमेल्यात भरली, मागच्या खड्ड्यात नेऊन टाकली आणि वर चुना आणि माती ओढली. एकही ठेवलं नाही.

यादी बाईंनी मोठ्या अक्षरात लिहून दिली होती. माकूळ किती, शिंपल्यांचा गर किती, तारली, माशाचं तेल, जीवनसत्त्वांची पावडर, बांधायला जिलेटिन. त्याने सर्वांत नवं खोकं फोडलं आणि चिरायला बसला. माकूळ सुरीखालून निसटे. एक बोट कापलं. नऊ वाजता बादली तयार झाली, पण पाण्यात पडताच सगळं विरघळलं आणि टाकी गढूळ झाली.

पंपवाला काठावरून वाकून बघत होता. "घड्याळबुवा, सूप केलंत का? माशांना चमचे देऊ?"

"दे."

"अन् गाळण्या? माझ्या गाळण्या तुंबल्या तर कोण साफ करणार?"

"मी करीन."

त्याने केल्याही. दुपारी परत खोलीत आला आणि काय चुकलं याचा विचार करत बसला. कोपऱ्यात मोठी चाळण होती आणि चाळणीत एक चपटा दगड. तो दगड तिथे कायम असे. खिडकीतून दिसे. त्याचं काय काम, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आता त्याने चिरलेला माकूळ चाळणीत घातला आणि वर दगड ठेवला. थोड्या वेळात खाली वाटीभर पाणी जमलं. ते पाणी काढल्यावर मिश्रण घट्ट झालं, कणकेसारखं हाताला लागलं, गोळे वळले.

चार वाजायला दोन मिनिटं होती. बादली भरून त्याने दाराकडे दोन पावलं टाकली आणि मागे वळला. खिडकीचा पत्रा गंजून बसला होता. त्याने खांदा लावून तो ढकलला. खर्र असा आवाज झाला, पूर्वीपेक्षा मोठाच. त्याने बादली खिडकीत ठेवली. मग चपला घातल्या, बोळातून वळसा घेतला, शेडचं दार उघडलं आणि पलीकडून खिडकीशी आला.

मासे कोपऱ्यात गोळा झाले होते. इतक्या दिवसांनी. सासूबाई सर्वांत पुढे.

त्याने बादली उचलली आणि गोळे टाकले. ते विरघळले नाहीत.

पंधरा दिवस नळ्यात फरक पडला नाही. सतरा, एकवीस, अठरा. साहेब रोज येत, आकडा बघून जात. एकदा बाजारात माल नेणारा माणूस टाकी बघून गेला. त्याने हातांनी माशांची लांबी मोजल्यासारखं केलं. घड्याळबुवाने ते पाहिलं आणि माकूळ चिरायला निघून गेला. तक्त्यावर तो आता जे असेल तेच लिही. एक दिवस पूर्ण लिहिल्यावर खाली त्याने लिहिलं, दोन गोळे तळाला राहिले. बाई म्हणाल्या, इतकं लिहायची गरज नाही. तो म्हणाला, असू दे.

चौथ्या आठवड्यात आकडा चौतीस झाला. पाचव्यात अठ्ठावन्न. बाई सूक्ष्मदर्शकातून मान वर न करता म्हणाल्या, "एकच थेंब, काका. गोल." पंपवाल्याने टाळी वाजवली, तर मासे बिथरून खाली गेले आणि बाई त्याच्यावर ओरडल्या.

मुदतीच्या सकाळी जाळी जड लागली. दहा मिनिटं सगळे नळ्याभोवती उभे होते. तळाला पांढरं थोडंसंच बसलं. वर काचेसारखी स्वच्छ अंडी, बोटभर थर.

"एक्क्याऐंशी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी खाली वाकून स्वतः पाहिलं. "राहू दे टाकी," ते म्हणाले. मग निघता निघता घड्याळबुवाला म्हणाले, "आता तरी बाई बघू का खाद्याला?"

"नको. मी करतो."

"खरं ना?"

"तक्ता बघा."

साहेब गेले. पंपवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आता चहा तुमच्याकडून, असं जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले होते. त्या अंडी पिल्लांच्या टाकीकडे घेऊन गेल्या, दोन्ही हातांत धरून, सावकाश. घड्याळबुवा रिकाम्या नळ्यापाशी उभा राहिला. आपला जीव भांड्यात पडेल, असं त्याला वाटलं होतं. त्याने वाट पाहिली. काही पडलं नाही. फक्त पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि बऱ्याच वेळाने त्याला उमगलं की ती भूक होती. मेहुणीचा रविवारचा डबा फ्रीजमध्ये अर्धा होता. तो संध्याकाळी खायचा, असं त्याने ठरवलं.

दुपारी चारला त्याने बादली खिडकीत ठेवली, चपला घातल्या आणि बोळातून निघाला.

"घड्याळबुवा," पंपवाला पाइपवर बसल्या बसल्या म्हणाला, "महिना झाला बघतोय. बादली तुम्हीच ठेवता आणि एवढा वळसा घालून तुम्हीच उचलता. हातात घेऊन सरळ दारानेच का नाही नेत?"

"अशीच जाते ती," तो म्हणाला आणि पुढे गेला.